दहावा आठवडा

लम्सडेनच्या दवाखान्यात सुई घ्यायला पालथं पडलं
की डोळ्यांसमोर भिंतीवरचं कॅलेंडर.
त्यावर मेंढ्या.
साउथलंडात दुसरं काय छापणार.

लोसा म्हणते, मर्डो, हलू नकोस,
दोन मिनिटं लागतात, औषध एरंडेलात आहे,
घाईनं दिलं तर खोकत सुटशील.
एरंडेल!
आई नाक दाबून पाजायची ते, शनिवारी, मोठ्या चमच्यानं.
आता पुरुषपण घेऊन
मागच्या दारानं आलंय.
हसू येतं, पण सुई आत आहे.

चाळीस वर्षं मी कोकरं खच्ची केली.
सप्टेंबरात, वसंताच्या चिखलात,
चिमट्यानं रबराची कडी ताणायची,
दोन्ही खाली उतरलेत ना, बोटांनी चाचपायचं,
कडी सोडायची.
पुढचं कोकरू.
ते जरा लोळतं, पाय झाडतं,
मग उठून आईला लुचायला लागतं.
काही झालं नाही त्याला, असं मी
शिकाऊ पोरांना सांगत आलो.

बासष्टाव्या वर्षी कुंपणाचा खांब ठोकताना
घण अचानक दुसऱ्या कुणाचा वाटला.
दुपारी तीनला गाडीतच डोळा लागायचा.
फ्लिंट, माझा कुत्रा, शिट्टीची वाट बघत बसून राही,
शिट्टी वाजवायचंही मनात येईना.
आणि रात्री ग्लेनिसनं पाठीवर हात ठेवला
की मी झोपेचं सोंग घ्यायचो.
सोंग इतकं वठलं
की मध्येच कधीतरी खरीच झोप लागायची.

डॉ. ऑर्मंडनी दोनदा रक्त घेतलं,
दोन्ही वेळा सकाळी नऊच्या आत, उपाशीपोटी.
एका आकड्यावर विसंबायचं नाही, म्हणाल्या.
दुसरा आकडाही पहिल्याचीच री ओढत आला.
म्हणजे खच्ची?
तसं नाही, त्या म्हणाल्या,
पण तो शब्द तुमच्या जिभेवर तयारच होता.

शेअरिंग शेडमध्ये कुजबूज: आता म्हातारा टकरा देणार.
कसल्या टकरा.
पहिले तीन महिने काहीच नाही.
मग एका सकाळी बादली उचलली
आणि तीन गेट ओलांडल्यावर लक्षात आलं
की बादली उचलली होती.
एवढंच. पण मी ती खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात रक्त दाटलं.
पेशी फार झाल्या, डॉक्टर म्हणाल्या, ही सुई पुढे ढकलू,
आणि घोरता का हो रात्री?
ग्लेनिस म्हणाली, ट्रॅक्टरसारखा.
मी भडकलो. दवाखान्यात, चारचौघांत.
माझं औषध, माझं रक्त, वगैरे.
घरी येताना पंचवीस किलोमीटर ती गप्प.
मी खिडकीबाहेर दुसऱ्यांच्या मेंढ्या मोजल्या.
मग नाकाला नळी लावून झोपायला शिकलो.
सुया लांबल्या. दर तीन महिन्यांनी रक्त, प्रोस्टेटचा आकडा,
तेच ते, गुराला जंताचं औषध पाजावं तसं वेळेवर.

फ्रिजवर ग्लेनिसची वही लटकते.
मेंढे सोडायची तारीख, जंताचं औषध, लोकर कातरणं,
आणि मध्येच, त्याच अक्षरात: म.
मी म्हटलं, मला कळपात घातलंस?
तिनं पेन्सिल कानामागे खोचली.
कळपातली जनावरं तारखेला हजर असतात, म्हणाली.

यंदाही कड्या मीच लावल्या.
वाटलं होतं हात थबकेल. नाही थबकला.
फक्त एका कोकराशी जरा जास्त वेळ उभा राहिलो,
ते उठेपर्यंत. पोरगा म्हणाला, काय झालं?
म्हटलं, काही नाही. बघतोय.

नवव्या आठवड्यात पुन्हा जरा ओसरतं.
घण पुन्हा जड, मन चिडकं,
हे आता मला ठाऊक आहे, तिलाही.
काल रात्री तिनं पाठीवर हात ठेवला.
जागा आहे मी, म्हटलं, नळीतून,
आवाज विहिरीतून आल्यासारखा.
माहितीय, ती म्हणाली.
तेव्हाही असायचास.