हातचा

तिसऱ्या हाताची घेतली.
दोन चाकं, एक दांडा, आत दोन माणसांपुरतं घर.
पुढं जीप जोडली की निघतं, सोडली की ओगलेवाडीत
आमच्या बोळाच्या तोंडाशी फुगून बसतं.
शेजारी विचारतात, वडापाव टाकताय का?

घेताना मी ठोकून बघितली होती.
एकतीस वर्षं एस.टी.च्या कार्यशाळेत, बॉडी सेक्शनला;
पत्रा बोटाच्या पेरानं वाजवला की कळतं मागं काय आहे.
दार दोनदा आपटलं. चासी पाठीवर झोपून पाहिली.
टायरची तारीखसुद्धा वाचली.
मागच्या खिडकीखाली तेवढा आवाज जरा बसका आला,
पण तोवर विजयमालानं
आतल्या चिमुकल्या ओट्यावर हात फिरवून
मनात चहा ठेवला होता.
आरसी तिच्या नावावर. पैसेही तिचेच, शाळेच्या फंडाचे.
मी "माझी गाडी" म्हटलं की ती नुसती
कागदांच्या कप्प्याकडं बघते.

सडावाघापूरला गेलो. पठारावर पवनचक्क्या,
आणि दरीत पडायचं पाणी वारा उचलून परत वर फेकतो.
कारखान्यानं छपराला तीन हात सीलंट दिलेलं;
पाणी वरून येतं, एवढंच त्यांनी धरलं होतं.
आमच्या गादीला ते खालून आलं.
पहाटे तीनला ती उठून बसली, म्हणाली,
"तुम्ही ठोकून बघितली होती ना?"

अमीन शिकलगारच्या शेडात उघडली.
अमीन उसाच्या ट्रॉल्या बांधतो,
बारा टन लादून खड्ड्यात घातली तरी रडू नये अशा.
त्यानं आतली फळी पटाशीनं उचकटली आणि हसला.
स्टेपलच्या पिना. प्लाय भिजल्या बिस्किटासारखा.
आणि दोन इंचांची फट, वरून गुळगुळीत.
"लांबी कमी पडली," अमीन म्हणाला,
"म्हणून लांबी भरली."

फळीच्या पाठीवर पेन्सिल होती.
सात फूट चार. त्यातून दोन फूट नऊ.
खाली रेघ, आणि ठाम हातानं: चार फूट पाच.
विजयमालानं चष्मा लावला.
"हातचा घेतलाय बरोबर,
पण फुटाचे इंच दहा धरले. चौथीतली पोरं हेच करतात.
चार फूट सात पाहिजे."

कोण होता, कुठला, त्या दिवशी जेवला होता का,
मागं कोण उभं होतं घड्याळ घेऊन,
पेन्सिल काही सांगेना. सातचा आकडा मात्र देखणा होता.

मला बरंच बोलायचं होतं त्याच्याबद्दल.
हातचं राखून काम करणारे, वगैरे.
पण एक मार्चअखेर आठवला: सात गाड्या पासिंगला द्यायच्या,
आणि मी, संपत थोरवडे,
एक सोडून एक रिव्हेट मारलेली. वर रंग.
त्यातली एक कराड-चिपळूणला लागली.
मी तिच्यात कधी बसलो नाही. दुसरी येईस्तोवर
स्टँडवर शेंगा खात थांबायचो.
हे विजयमालाला आजवर सांगितलेलं नाही.
अमीन तेव्हा माझ्या हाताखाली अप्रेंटिस होता.
त्यानं पान्यांच्या डब्यात मान घातली.

नवी पट्टी सागाची, स्क्रूची.
कापायच्या आधी दोनदा मापली; एकदा मी, एकदा तिनं.
जुनी फळी टाकवेना. तिनं पर्समधून लाल पेन काढलं,
पाचावर काट मारली, शेजारी सात लिहिला,
आणि सवयीनं खाली सही.
कोरडा होता तेवढा तुकडा कापून
सागाच्या मागं ठेवला, वरून बंद केलं.
चौथा मालक उघडेल तेव्हा उघडेल.

मग तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.
अमीननं पंपाचा पाइप जमिनीवर धरला, तोंड वर करून,
तिथं पाणी येतं तसं.
मी बाहेर, पत्र्याला कान लावून.
दहा मिनिटं नुसतंच पाणी.
"काय गं?"
आतून, बहुतेक गादीवरून:
"मारा अजून."