ढीग

कोचकोरला, डोंगराच्या पायथ्याशी, आमचा
लोकरी सपातांचा कारखाना. म्हणजे जुनं गॅरेज,
पाच बायका, एक चूल, आणि ओल्या मेंढीचा वास
जो न्हाल्यावरही केसांतून जात नाही.

बर्फाआधी मोठी ऑर्डर आली तेव्हा
फोनमधलं घड्याळ लावून मी स्टुलावर बसले.
गरम पाण्याला किती पावलं, साबण शोधण्यात किती मिनिटं,
लोकर लाटताना कोण कितीदा थांबतं, सगळं वहीत.
झूरा म्हणाली, शिंकले तर तेही लिही.
लिहिलं. दोनदा.

ढीग साचायचा एकाच ठिकाणी,
अनारकुल-एजेसमोर, काठ शिवायच्या सपातांचा.
बोट दाखवायला किती सोपं!
बासष्ट वर्षं, चष्म्याला दोरा.
तिच्या नावाखाली मी लाल रेघ ओढली.

मग दोन दिवस नुसतं पाहत राहिले.
शिवण्याआधी ती प्रत्येक सपात मांडीवर घ्यायची,
वर तळहात दाबून गप्प बसायची,
खुडूक कोंबडीसारखी.
हे काय, एजे?
"ओली येते. ओल्यात सुई अडते, टाका सैल पडतो."
वाळवायला कुणी सांगितलं?
"कुणीच नाही. म्हणून तर मी वाळवते."

या कामाला माझ्या वहीत रकाना नव्हता.
ढीग तिच्यापाशी, चूक चार टेबलं अलीकडे,
जिथून आम्ही ओलं तसंच पुढे ढकलत होतो
आणि स्वतःला चटपटीत म्हणवत होतो.
लाल रेघ खोडायला गेले, कागदच फाटला.

झूराच्या नवऱ्यानं चुलीवर पॉप्लरच्या काठ्यांची
मांडणी ठोकून दिली. एक दुपार, मूठभर खिळे.
दिवसाला नऊ जोड व्हायचे, चौदा व्हायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात एजे उठली,
कोरडा एप्रन झटकला, म्हणाली,
"एकोणीस हिवाळे गुडघे ठणकत होते.
मला वाटायचं, वय."
कुणी काही बोललं नाही.
झूरानं किटली उगाच हलवून पाहिली,
भरलेली होती.

आता ढीग सरकलाय.
माझ्या टेबलापाशी आलाय: लेबलं, सुतळी, खोकी,
डावीला डावीच बांधलेले तीन जोड.
एजेनं स्टूल ओढलंय, चष्मा कपाळावर,
हातात माझाच फोन.
"शिंक," म्हणते, "लिहून घेते."