दोन स्टँड

वर ‘सोपे’ असं छापलेलं असतं
आणि तिसऱ्याच ओळीत बारावा फ्रेट.
छापणाऱ्याच्या बोटांना सोपं असणार.

दोन महिने शोधतेय,
दोन गिटारींसाठी काहीतरी,
ज्यात एकाला पहिल्या तीन फ्रेटपलीकडे जावं लागणार नाही,
करंगळी तर नाहीच,
आणि तरी ते बाळबोध वाटणार नाही.
कारण जनार्दन कोळंबकर एकोणसाठ वर्षांचे आहेत,
ससा-कासवाच्या चित्राखालचं वाजवायला लाजतात.
बोलत नाहीत. कान लाल होतात.

तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली.
बोटं अशी, की एक तार दाबली
की शेजारची आपोआप गप्प.

धोबीतलावच्या दुकानात विचारलं.
मालकानं शिडी लावली, धूळ झटकली,
काढून दिलं ते व्हायोलिनचं निघालं.
बोरिवलीच्या एका बाईंनी झेरॉक्स पाठवली,
तिच्यात दुसऱ्या गिटारीची पानंच नव्हती.
कोणाकडे राहिली, विचारलं नाही.

मग एक स्वतःच लिहिलं.
त्यांच्या वाट्याला तीन स्वर,
माझ्या वाट्याला सगळा डौल.
वाजवून झाल्यावर ते म्हणाले, “छान वाजवलंत.”
त्या कागदाची घडी आता
डगमगणाऱ्या स्टँडच्या पायाखाली आहे.

रविवारी माळ्यावरून ऑस्वल्ड सरांची फाईल उतरवली.
वाळवीनं एक समास खाल्लेला.
आत निळ्या शाईत सोळा बार,
वरच्या ओळीपुढे माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं,
खालच्या ओळीपुढे काहीच नाही.
खाली नुसत्या मोकळ्या तारा,
आणि विराम. विरामामागून विराम.

नऊ वर्षांची होते.
मला वाटायचं, सर दमलेत,
शेवटची शिकवणी माझीच असायची,
जिन्यात कुणाकडे तरी मासे तळले जात असायचे.
तार छेडून ते हात तसाच हवेत ठेवायचे,
डोळे मिटून.
मी म्हणायचे, झोपले.

विराम मोजले. एकोणीस.

बुधवारी माझं नाव खोडलं नाही,
त्याच्या खाली त्यांचं लिहिलं, पेन्सिलीनं.
माझगावच्या त्या खोलीत दोन खुर्च्या ठेवल्या की
कपाट उघडत नाही,
गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून
आम्ही जरा तिरके बसतो.
एक, दोन, तीन.

सातव्या बारला मला काहीच काम नसतं.
खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली,
कोळंबकर हरवले,
आणि त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही,
माझ्या हाताकडे पाहिलं.
मी अंगठा किंचित खाली केला.
आले.

नंतर गिटार आडवी मांडीवर घेऊन
ते पहिल्यांदाच आपणहून बोलले:
“वरसून खालचा काय दिसना नाय, बाय.
खाली हात दाखवणारो लागता.”
नाव सांगितलं त्याचं, शिवा म्हणून कोणी,
बावीस वर्षं खाली उभा होता,
आवाज कधी ऐकू आला नाही एवढ्या वरून,
फक्त पंजा दिसायचा.
मग नखं घासायची कानस मागितली.

नववा बार अजून अडतो.
दुसऱ्या तारेवर बोट पडतं ते पहिलीवरही पडतं.
पडू दे.
सोळा बार महिनाभर पुरतील, फार तर दीड,
आणि फाईलीत दुसरं काही नाही,
एक विजेचं बिल आणि तुटलेली तार.
शनिवारी परत धोबीतलाव.
शिडी लावायला सांगेन.