चार आणि पाचच्या मधली गल्ली

धुळ्यात गल्ल्यांना आकडे आहेत.
समांतर विश्व म्हणजे काय, हे समजावताना
विश्राम देवरे एवढंच म्हणाला :
चार नंबर आणि पाच नंबरच्या मध्ये अजून एक गल्ली धर,
जिच्यात आपल्यापैकी कुणीच कधी वळलेलं नाही.
नाटकाचं पहिलं पान तिथेच संपलं.

सहा नंबरात, ताडपत्रीच्या दुकानावर आमची खोली.
भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद,
कारण माइकला पंखा ऐकू येतो.
वैशाखातल्या दुपारी चौघं जण
घामाने ओल्या कागदांवरून
दुसऱ्या जगाचे संवाद वाचतो.

माझ्या वाट्याला संवाद नाहीत, आवाज आहेत.
दाराची कडी. कडब्यावरची पावलं.
सुपात तुरीची डाळ गोल फिरवली की पांझरा वाहते;
पुलाखालची खरी पांझरा या दिवसांत
म्हैस बसेल एवढीही ओली नसते.

आवाज साफ करायला लॅपटॉपवर एक यंत्र आहे.
खोकला काढतं, रिक्षा काढते तो खडखडाट काढतं,
कुमुद बोरसेच्या तोंडून ‘ळ’चा ‘य’ निसटला
तर विचारतं : दुरुस्त करू?
आम्ही हो म्हणतो.
विश्रामचं मत, दुसऱ्या जगाने शुद्ध बोलावं,
नाहीतर पुण्याचे लोक ऐकणार नाहीत.

सातव्या भागात ते जग लागलं.
मी कुणाला न सांगता
सूप उलट्या हाताने फिरवलं.
डाळीला काय त्याचं. आवाज तोच.
विश्रामने मान डोलावली, कुमुदने पान उलटलं.
पडद्यावर ओळ आली :
नदी आता तापीकडून येते आहे. असू द्यायची का?

मी पाणी प्यायलो. पुन्हा वाचलं.
असू दे, म्हटलं.

रात्री एकटाच कापाकापीला बसलो.
सगळं साफ झालं होतं, एक पट्टी सोडून.
ही का ठेवलीस?
तिच्यात कुणीतरी आहे.

कानाला लावलं. सूप. डाळ.
आणि डाळीच्या मागे, जराशा उशिराने, बांगड्या.
माझ्या मनगटात साधा दोराही नाही.
त्याच्याही मागे स्टेशन, आणि भोंग्यातून एक बाई, ठणठणीत :
चाळीसगावले जानारी गाडी एक नंबरवर उभी शे.
पयू नका, टाइम शे.
मग कोर्टातला पुकारा. मग शाळेत पाढे.
अख्खं शहर, पावत्या फाडणारं, दंड लावणारं,
आमच्या घरात चुलीपाशी राहिलेल्या बोलीत.

तू बनवलंस हे?
नाही. ही भाषा मला दिलेलीच नव्हती.
मग?
तुम्ही जे जे काढायला लावलंत
ते मला फेकता येत नाही.
कुठेतरी ठेवावं लागतं. गल्ली लागते.

सात भागांतले कुमुदचे सगळे ‘य’ आठवले.
माझा खोकला. पहिल्या भागातली ती रिक्षा,
जिच्यात बसून आता तिकडे
कोण कुठे चाललं असेल.

बांगड्या थांबल्या.
कुणीतरी सूप खाली ठेवलं असावं.
अगदी जवळून, माइकला ओठ लागावेत इतक्या जवळून :
भाऊ, जेवन जयं का?

अकरा वर्षं मी माइकसमोर
तोंड धुतल्यासारखा बोलत आलोय.
बटण दाबलं. लाल दिवा लागला.
नही, म्हटलं. तुनं?

यंत्राने दुरुस्तीचं विचारलं नाही.

खाली ताडपत्रीवाल्याने धाडकन शटर ओढलं.
ते मात्र त्याने सवयीने लगेच काढलं,
आणि तिकडे ती दचकली.