पंधरा अँपिअर

तीन गाड्या बघून आलो, जेवणं झाली,
आणि किराणाच्या यादीच्या पाठीवर मी तीन रकाने आखले:
पांढरी, निळी, राखाडी.
किंमत सगळ्यात खाली, मुद्दाम बारीक अक्षरात.

पांढरी जळगावच्या एका दातांच्या डॉक्टरची.
एकोणीस हजार धावलेली, आत अजून लवंगेच्या तेलाचा वास.
बॅटरीचं आरोग्य एक्क्याण्णव टक्के, असा कागद
विकणाऱ्याने दोन बोटांत धरून दाखवला,
आणि आम्ही तो एकमेकांकडे देत गप्प वाचला,
दवाखान्याच्या व्हरांड्यात रिपोर्ट वाचतात तसा.

निळी टॅक्सी होती. हे त्याने सांगितलं नाही.
हिरव्या पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांच्या कडेने
जुनं पिवळं डोकावत होतं.

"एका चार्जिंगमध्ये अडीचशे आरामात, मॅडम."
मेमध्ये? मी विचारलं.
भुसावळच्या मेमध्ये, एसी लावून, पाच माणसं,
डिकीत भालोदची वांगी दहा किलो?
तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला.

माझा हिशोब साधा आहे.
फैजपूरची शाळा, जाऊन-येऊन पन्नास.
आप्पांचे डोळे महिन्यातून एकदा जळगावला.
धुळ्याला भावाकडे वर्षातून दोनदा,
आणि ते दोन दिवस गाडीला माफ आहेत,
आम्ही पारोळ्याला तासभर शेवभाजी खात बसू.

आप्पा तोवर बोलले नव्हते.
चौतीस वर्षं इलेक्ट्रिक लोको शेडला काढलेला माणूस.
पोरगा त्यांना समजावत होता,
ब्रेक दाबला की वीज परत बॅटरीत कशी जाते.
आप्पांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.
"घाट उतरतानी इंजिन वीज वापस देते बापा,
हे मह्याले नको सांगू."
मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
चार्जिंगचं झाकण उघडलं, आणि चक्क वास घेतला.

पांढरीची एक पिन तपकिरी होती,
बशीच्या कडेला चहा वाळतो तेवढीच.
कुठल्यातरी ढिल्या सॉकेटवर कुणीतरी रात्र-रात्र
डॉक्टरसाहेबांची गाडी भरली असणार.
एक्क्याण्णव टक्क्यांना हे माहीत नव्हतं.

राखाडीत काहीच नाव घेण्यासारखं नाही.
शहाऐंशी टक्के. डाव्या दाराला ओरखडा.
मागे बसलं की गुडघे छातीशी येत नाहीत,
हे मी स्वतः बसून, पर्स मांडीवर घेऊन पाहिलं.

"धूर नाही, आवाज नाही," पोरगा शेवटचं म्हणाला.
धनंजय दीपनगरच्या चिमण्यांकडे बघत हसला.
त्याच्या शर्टांची राख मी सोळा वर्षं झटकतेय.
"धूर आहे," तो म्हणाला, "आपल्या गल्लीत नाही एवढंच.
मला त्याचाच तर पगार मिळतो."

स्वरूपाचा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसेना.
जुन्या डिझेल गाडीचा घरघराट
कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून ऐकू यायचा,
ती टीव्ही बंद करायची, वही उघडायची.
"मग तू आलीस हे मला कसं कळणार?"
कळणार नाही, मी म्हटलं.
आणि मला, खोटं का बोलू, बरं वाटलं.

अजून टोकन दिलेलं नाही.
राखाडीभोवती पेन्सिलने गोल आहे, पेनाने नाही.
पण अकील येऊन सॉकेट बसवून गेला,
पाण्याच्या मोटरीशेजारी, पंधरा अँपिअरचं, जाड वायर,
अर्थिंगसाठी अंगणात खड्डा, मीठ, कोळसा.
शेजारच्या फेगडे काकूंनी दोनदा विचारलं,
गिझर बाहेर का लावताय?

रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले,
तर अंगणात आप्पा.
सॉकेटला काहीच लावलेलं नाही,
नुसता लाल दिवा,
आणि ते भिंतीवर तळहात ठेवून उभे,
तापते का बघत.