धडा

मार्केट यार्डात सव्वीस वर्षं झाली,
मी गूळ तोलतो.
तीस किलोचा रवा फडक्यासकट उचलला
की काट्याआधी माझा खांदा सांगतो,
यात पावशेर कमी आहे.
स्वतःच्या अंगाचं मात्र परवा
डॉक्टर इंगवलेबाईंनी सांगितलं, अठ्ठ्याण्णव.
वर एक कागद दिला, रक्तातल्या साखरेचा,
आकड्याखाली लाल रेघ.
"गूळ बंद," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, बाई, म्हणजे नोकरीच सोडू काय?

पहाटे पाचला मी रंकाळ्यावर असतो.
त्या वेळी माझ्याइतका शहाणा माणूस
सगळ्या कोल्हापुरात नसतो.
संध्यामठाकडं धुकं,
पायात पोरीनं हट्टानं आणलेले बूट,
डोक्यात हिशेब चाललेला :
महिन्याला दोन किलो धरले
तर चैत्रात जोतिबाच्या पायऱ्यांवर
दम लागायचा नाही.
घरी बिनसाखरेचा चहा.
"कडू लागतोय व्हय?" कुसुम विचारते.
"छे," मी म्हणतो.
सकाळी खोटंसुद्धा किती ताजं असतं.

मग चार वाजतात.
सौदा उठलेला, हमाल पोत्यांवर आडवे,
गाळ्यात गुळाचा वास बसलेला,
जेवून झालं तरी न उठणाऱ्या पाव्हण्यासारखा.
भूक म्हणावी तर बारालाच दोन भाकऱ्या मोडल्यात.
हे काहीतरी डोळ्यांच्या मागं असतं,
जांभईच्या जवळचं, जरा रडकं,
आणि त्याची मागणी फार नसते.
नखाएवढं, म्हणतं.
सुरीनं काढलेला नमुन्याचा खडा
तिथंच पडलाय,
मुंग्यांच्या आधी कुणीतरी घ्यायलाच हवा.

घेतो.
मिनिटभर सगळं जग माझ्या बाजूचं.
मग आतून कुणीतरी
माझ्याच आवाजात म्हणतं,
आजचा दिवस तर गेलाच की आता.
त्या एका वाक्यावर दुसरा खडा,
तिसरा,
संध्याकाळी गंगावेशीत म्हशीची धार,
पेल्यात वरून दोन चमचे साखर,
मग ठरतं, सोमवारपासून बघू,
आणि तो वार असतो मंगळवार.

रात्री दाराशी बूट दिसतात.
त्यांच्याकडं बघवत नाही.
पहाटेचा गजर मी दाबतो तो लाजेनं,
कुसुमला वाटतं आळसानं.
वाटू दे, आळस बरा दिसतो.

असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी हणमा कुरणे,
तोलारकी शिकायला आलेला नवा पोरगा,
काट्यापाशी अडून बसला.
रवा उतरवला तरी काटा शून्यावर येईना.
पाटीला गूळ चिकटलेला,
चाळीस ग्रॅम दाखवत होता.
"मामा, काटा बिघडला.
आजच्या दिवस बंदच ठेवूया का?"
मी खेकसलो,
"चाळीस ग्रॅमसाठी काटा बंद ठेवत्यात व्हय रं?
पाटी पुस. धडा कर. पुढचा रवा चढव."
पोरगा पुसायला लागला.
मी तिथंच उभा,
ओल्या फडक्याकडं बघत,
कुणीतरी भर यार्डात
माझं नाव घेऊन हाक मारल्यासारखा.

त्या दिवशीही चारला खडा खाल्ला, सांगून टाकतो.
एकच.
मग नळावर हात धुतले.
बोटं चाटायची होती,
धुतली.
गंगावेशीत थांबलो, म्हशी बघितल्या,
पेला घेतला नाही.
म्हणजे घेतला,
बिनसाखरेचा.
दूधवाला दोनदा विचारत होता,
"तब्येत बरी आहे न्हवं?"

पहाटे बूट घातले.
बाहेर गारठा होता, नाडी दोनदा सुटली.

महिन्यानं इंगवलेबाईंच्या काट्यावर चढलो,
श्वास धरून, जणू त्यालाही वजन असतं.
सत्त्याण्णव किलो आठशे.
दोनशे ग्रॅम.
गुळाचा रवा असता तर
मीच व्यापाऱ्याला म्हटलं असतं,
सोडा हो शेठ,
एवढं तर फडक्याचंच असतं.