पाच पूर्णांक एक दशांश

एस्बियर्गच्या बंदरामागे, जिथं वारा
सायकली आडव्या पाडून मगच दुकानात शिरतो,
यॅप्पेनं माझ्या बापाला मधल्या खुर्चीत बसवलं.
टेप लावून मोजलं. दोन्ही खांबांपासून सारखं अंतर.
‘इथं,’ म्हणाला, ‘आवाजाचं घर.’

बाप, थोगर क्नुडसेन, वय एकाहत्तर,
चौतीस वर्षं ट्रॉलरच्या पोटात, इंजिनाशेजारी.
डावा कान तिथंच ठेवून आलेला.
हे दुकानात बोलायचं नाही, असं गाडीत ठरलं होतं.

यॅप्पेनं हेलिकॉप्टर सोडलं.
उजवीकडून आलं, डोक्यावरून गेलं,
माझ्या पाठीमागून वळून डावीकडे उतरलं.
बापाचं मधेच कुठंतरी विझलं.
तो छताकडे बघत राहिला, पाहुण्यासारखा,
मग म्हणाला, ‘पडलं का?’

यॅप्पे हसला. त्याला तो विनोद वाटला.
मग आम्हाला सगळे दाखवले:
अक्रोडाच्या लाकडाचे, उंच, कंबरेत बारीक;
पुस्तकांच्या फळीवर मावणारे ठेंगणे;
आणि भिंतीत चिणायचे, ज्यांचं तोंडच दिसत नाही.
(भिंतींना कान असतात हे ऐकून होते,
जीभही बसवून मिळते हे नवीन.)
किमती त्यानं हळूच सांगितल्या,
पण उजव्या बाजूनं, म्हणून बापाला ऐकू आल्या.

‘माणसं बोलतात ती मधल्यातून. तिथं काटकसर नको.’
‘मग बाकीचे चार?’
‘दार. वारा. पावलं. मागून कुणी येत असलं तर.’
‘मागून येणारी कोल्डिंगला राहते आता,’ बाप म्हणाला.
आईबद्दल वर्षभरात तेवढंच.

मग तो उठला, कोपऱ्यातल्या काळ्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसला.
‘हा ऐकायचा नसतो,’ यॅप्पे सांगू लागला, ‘हा पोटात—’
बापानं तळवा टेकवला होता.
डोळे मिटलेले, जबडा सैल,
घरात मी कधी न पाहिलेला चेहरा.
‘मागचा एक स्क्रू ढिला आहे,’ म्हणाला.
यॅप्पेनं खोका वळवला. ढिला होता.

सूट मिळाली. सेट फोडून मिळत नाही, हेही कळलं:
पाचही घ्यायचे, डावे दोन्ही धरून.

परतताना गाडी मी चालवली,
तो शेजारी, उजवीकडे. म्हणजे माझ्याकडे बहिरा कान.
लोक एका कानानं ऐकतात, दुसऱ्यानं सोडून देतात.
याच्याकडे सोडायला दुसरा नव्हताच.
जे गेलं ते आतच राहिलं असणार,
सोळाव्या वर्षी मी जिन्यावरून ओरडले होते तेसुद्धा:
तू समुद्रावर असतोस तेव्हाच घर बरं असतं.
आता त्या बहिऱ्या कानाला म्हणाले, ‘तसं नव्हतं रे.’
तो वाइपरकडे बघत होता.
‘तार पुरेल का मागच्या भिंतीपर्यंत?’ त्यानं विचारलं.

पुरली नाही. हातभर कमी पडली.
डावा मागचा स्पीकर शेवटी खुर्चीवर ठेवला,
आईच्या विणकामाच्या खुर्चीवर, कारण तीच रिकामी होती.

रात्री एक जुना पोलिसपट लावला.
अर्ध्या तासानं माझ्यामागं, डावीकडे,
दार इतकं खरं करकरलं
की मी मान वळवली.

आणि मी वळले ते पाहून तोही वळला,
पूर्ण, खांद्यासकट, उजवा कान पुढे करून.
कानात प्राण आणून तो त्या खुर्चीकडे बघत होता.

पडद्यावर कुणीतरी बोलत होतं, मधल्यातून, स्पष्ट.
आम्ही दोघंही तिकडे पाठ करून बसलो होतो.